तेजोमेघांची चित्रे : सत्य आणि सौंदर्य

गेल्या पौषातील गोष्ट. सुटीत घरी आलेल्या भाचीला मी एका रात्री गच्चीवर नेले आणि एका स्नेह्याकडून आणलेल्या लहानशा दुर्बिणीतून मृग नक्षत्रातील तेजोमेघ दाखविला. मृगाला लागलेल्या बाणाचे तीन तारे आपल्याकडे बहुतेकांस ठाऊक असतात. त्यांच्या दक्षिणेस जो अंधुक ठिपका नुसत्या डोळ्यांनाही दिसतो, तोच हा मेघ. मुलीने बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावला, मग मान वर करून विचारले, "मामा, एवढंच?" तिने ह्या मेघाची चित्रे पाहिली होती. गुलाबी, जांभळ्या, केशरी रंगांची दालने मनात घेऊन ती गच्चीवर आली होती. आणि दुर्बिणीत होता राखेच्या रंगाचा एक धुरकट पुंजका. तिचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड होता : "मग ती चित्रं खोटी का?"

ह्या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. एक असे की, चित्रे यंत्राने घेतलेली आहेत म्हणून ती खरी. दुबळा आहे तो आपला डोळा. दुसरे असे की, रंग मागाहून भरलेले आहेत म्हणून चित्रे खोटी. त्यांचे सौंदर्य ही केवळ करामत. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. कारण डोळ्याला दिसते त्याची नक्कल करणे हेच चित्राचे काम, असे दोघांनीही मुकाट्याने गृहीत धरले आहे. इतर कलांच्या बाबतीत जे गृहीत आपण केव्हाच मागे टाकले, ते ह्याच चित्रांच्या बाबतीत का जपावे?

आधी डोळ्याची बाजू पाहू. मंद प्रकाशात रंग ओळखणाऱ्या नेत्रपेशी काम करीनाशा होतात. ज्या जाग्या राहतात त्यांना केवळ उजेड व अंधार कळतो. म्हणून तेजोमेघ आपल्याला करडा दिसतो. परंतु आपण त्याच्याजवळ जाऊ शकलो असतो तर? मृगातील हा मेघ सुमारे साडेतेराशे प्रकाशवर्षे दूर आहे. ते अंतर क्षणात तोडून त्याच्या दारात उभे राहिलो, तरीही ती रंगीत दालने दिसणार नाहीत. भिंतीजवळ गेल्याने भिंत मोठी दिसते, अधिक उजळ दिसत नाही. पसरलेल्या तेजाचा नियम हाच आहे. मेघ सारे आकाश व्यापील, पण फिकटच राहील. म्हणजे आपण चित्रात जे पाहतो ते कोणत्याही मानवी डोळ्याने, कोठूनही, कधी पाहिलेले नाही. ज्या दृश्याला मुळात प्रेक्षकच नाही, त्याच्या चित्राला 'दिसते तसे आहे का?' हा प्रश्न विचारण्यात अर्थ उरत नाही.

ह्या मेघांचे ज्ञान प्रारंभापासूनच डोळ्याला वळसा घालून आलेले आहे. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स ह्या इंग्रज ज्योतिषाने कालेय नक्षत्रातील एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पृथक् करून पाहिला, तेव्हा ताऱ्यांसारखा सलग पट्टा न दिसता काही सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. मेघ म्हणजे दाटीने दिसणारे तारे नव्हेत, विरळ वायू आहे, हे त्या रेषांनी सांगितले. त्यांतील हिरव्या रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून पुढे 'नेब्युलियम' नावाचे नवेच द्रव्य कल्पिले गेले. १९२७ मध्ये आयरा बोवेनने दाखवून दिले की, ते नवे द्रव्य नसून दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, आपला नित्याचाच ऑक्सिजन आहे. अतिविरळ अवस्थेतच तो असा प्रकाशतो. इकडे १८८० मध्ये हेन्री ड्रेपरने मृगातील मेघाचे पहिले छायाचित्र ५१ मिनिटे काच उघडी ठेवून घेतले. तीनच वर्षांनी अँड्र्यू कॉमनच्या छायाचित्रात दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारे उमटले. त्या दिवसापासून छायाचित्र हे ह्या विषयात डोळ्याचे प्रतिबिंब राहिले नाही. ते स्वतःच एक नवी दृष्टी झाले.

आता ज्या चित्राने ही दृष्टी घरोघर पोहोचविली त्याकडे वळू. १ एप्रिल १९९५ रोजी हबल दुर्बिणीतून जेफ हेस्टर व पॉल स्कोवेन ह्यांनी गरुड तेजोमेघाच्या एका भागाची छायाचित्रे घेतली. 'सृष्टीचे स्तंभ' ह्या नावाने ते चित्र जगप्रसिद्ध झाले. हा मेघ सर्पमंडलात, सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर आहे. आषाढात तो मध्यरात्री दक्षिणेस उंच येतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्या कोकण-गोव्याचे आकाश पावसाळी ढगांनी झाकलेले असते. चित्रात वायू व धूलिकण ह्यांचे तीन स्तंभ उभे आहेत. डावीकडचा सर्वांत उंच. त्याची लांबी सुमारे चार प्रकाशवर्षे. त्यांच्या माथ्यांवरून जी बोटांसारखी टोके निघालेली दिसतात, ती आपल्या सूर्यमालेहूनही मोठी आहेत.

ह्या चित्राचे रंग कसे आले? दुर्बिणीचा कॅमेरा रंग टिपीत नाही, प्रकाशाची मात्रा टिपतो. एकेका द्रव्याचाच प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळण्या पुढे ठेवून वेगवेगळी छायाचित्रे घेतली गेली : एक गंधकाच्या प्रकाशात, एक हायड्रोजनच्या, एक ऑक्सिजनच्या. मग गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा व ऑक्सिजनला निळा रंग देऊन ती एकावर एक बसविली. वस्तुतः हायड्रोजन व गंधक ह्या दोघांचाही प्रकाश तांबडाच. इतका सारखा की डोळ्याला त्यांतील भेद कळू नये. जसेच्या तसे रंग ठेवले असते तर दोन द्रव्ये एकमेकांत बुडून गेली असती. मात्र रंगांची वाटणी लहरीनुसार झालेली नाही. ज्याची प्रकाशलहर सर्वांत लांब त्याला तांबडा, सर्वांत आखूड त्याला निळा, असा इंद्रधनुष्याचा क्रम राखला आहे. स्वर बदलले, पण त्यांची चढती भाजणी बदलली नाही.

म्हणून ह्या चित्रांना नक्कल म्हणू नये आणि कल्पनाचित्रही म्हणू नये. आपल्या वाङ्मयात त्यांच्या जातीची एक गोष्ट आहे : टीका. गीतेच्या ७०० श्लोकांवर ज्ञानदेवांनी ९,००० च्या घरात ओव्या रचल्या. मुळात नसलेले किती दृष्टान्त, किती रंग त्यांत आले! तरी ती टीका खोटी, असे कोणी म्हणत नाही. मुळात जे दडलेले आहे ते तिने उकलले काय, आणि उकलताना अर्थाचा क्रम राखला काय, एवढेच आपण पाहतो. आणि अरूपाला रंग देण्याचा संकेत तरी आपल्याला नवा कोठे आहे? भरताने प्रत्येक रसाला वर्ण व देवता दिली. अद्भुताचा वर्ण पीत आणि देवता ब्रह्मा. विस्मय पिवळा 'दिसतो' असे भरताला म्हणावयाचे नव्हते. सृष्टीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या स्तंभांचा रंगही पिवळसर सोनेरीच यावा हा योगायोग मनोरंजक आहे. त्यातून अधिक काही काढण्याचे कारण नाही.

टीका म्हणून चित्र खरे ठरले, तरी ते सुंदर का हे सांगावयाचे राहतेच. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' ह्या १९५५ च्या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांवर सौंदर्याची उभारणी केली. त्या कसोटीला हे चित्र उत्तम उतरते. तीन स्तंभांच्या उतरत्या उंचीत संवाद आहे. सोनेरी-तपकिरी घनता आणि मागची निळी-हिरवी पोकळी ह्यांत विरोध आहे. आणि ह्या दोहोंचा तोल सांभाळते ती स्तंभांच्या कडांवरची उजळ किनार. ही किनार कोणी काढलेली नाही. जवळच्या तरुण, अतितप्त ताऱ्यांचा जंबुपार प्रकाश स्तंभांना झिजवीत आहे. पृष्ठभागावरचा वायू तापून उधळतो, ती त्याची झळाळी. जी रेषा चित्राला सुंदर करते, तीच विनाशाचीही रेषा आहे. 'सृष्टीचे स्तंभ' हे नाव म्हणूनच अर्धे आहे. टोकांच्या गर्भात तारे घडत आहेत आणि त्याच वेळी स्तंभ विरत आहेत. चित्र हे दोन्ही सांगते. नाव एकच सांगते.

ह्या सौंदर्यातील अंधाराचा वाटा मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चित्राला जी घडण आहे, ती तेजाने नव्हे, धुळीने दिली आहे. आकाशातील काळ्या जागांना विल्यम हर्शेलसारख्या द्रष्ट्यानेही आकाशाला पडलेली भोके मानले होते. १८८८ मध्ये विल्यमिना फ्लेमिंगला हार्वर्डच्या एका काचेवर मृगातच एक काळी खाच आढळली. तीच आज 'अश्वमुख' म्हणून प्रसिद्ध आहे. एडवर्ड बर्नार्डने १९१९ मध्ये अशा १८२ काळ्या खुणांची यादी प्रसिद्ध केली. ह्या जागा रिकाम्या नसून मागचा प्रकाश अडविणारे काहीतरी पुढे आहे, अशी त्याची खात्री हळूहळू होत गेली. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलरने तारकागुच्छांच्या मापनावरून ताऱ्यांमधील धुळीचे अस्तित्व सिद्ध केले. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असे हे वालुकामय व कोळशासारखे कण. वजनाने वायूच्या शंभराव्या हिश्शाइतके. तेवढ्यावर त्यांनी ताऱ्यांच्या ताऱ्यांना झाकून टाकले. ज्याला आपण शून्य समजत होतो तेच सर्वांत भरलेले निघाले.

इतके म्हटल्यावर दोषही सांगितले पाहिजेत. एलिझाबेथ केस्लर ह्या विदुषीने २०१२ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, हबलची ही चित्रे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन निसर्गचित्रांच्या, विशेषतः बिअरश्टाट व मोरन ह्यांच्या डोंगर-कड्यांच्या, वळणावर गेलेली आहेत. हे निरीक्षण मार्मिक आहे. अवकाशात वर-खाली नाही. स्तंभांचे पाय खाली आणि माथे वर ही मांडणी चित्र सिद्ध करणाऱ्यांची. तिने आपल्याला उदात्ताचा अनुभव मिळतो, पण तो पाहिलेल्या डोंगराचा मिळतो, न पाहिलेल्या मेघाचा नव्हे. प्रयोगशाळेतील निर्वातापेक्षाही विरळ अशी वस्तू चित्रात खडकासारखी टणक दिसते, ही टीकेची मर्यादा म्हणावी लागेल. त्याहून मोठा दोष छापणाऱ्यांचा. दिनदर्शिकांवर आणि पुस्तकांच्या वेष्टनांवर हे चित्र येते, पण कोणता रंग कोणत्या द्रव्याचा हे सांगणारी एक ओळ येत नाही. मूळ पाठ सांगितला नाही की टीकेचे सोंग होते. भाचीच्या 'खोटी का?' ह्या प्रश्नाचा उगम येथेच आहे.

ह्याच्या उलट, ज्याला पुष्कळांनी वैगुण्य मानले ते मला ह्या चित्राचे भूषण वाटते. १९९५ च्या चित्राचा वरचा एक कोपरा काळा, पायऱ्यांसारखा कापलेला आहे. कॅमेऱ्याच्या चार भागांपैकी एक अधिक मोठे करून दाखविणारा होता. त्याचे चित्र इतरांच्या मापाला आणल्यावर ते आक्रसले आणि जागा रिती राहिली. हे यंत्राने पाहिले आहे, आणि एवढेच पाहिले आहे, असे ती काळी पायरी सांगते. २०१४ मध्ये हबलनेच नव्या कॅमेऱ्याने ते स्तंभ पुन्हा टिपले. चित्र अधिक रेखीव झाले, कोपरा भरला. आणि ही कबुलीही नाहीशी झाली.

२०२२ च्या ऑक्टोबरात वेब दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात ह्याच स्तंभांची दोन चित्रे दिली. पहिल्यात धूळ बरीचशी पारदर्शक झाली आहे व तिच्यामागून असंख्य तारे बाहेर आले आहेत. माहिती विपुल, पण विरोध ढळला. डोळा कोठे ठरत नाही. दुसरे अधिक लांब लहरींतले. त्यात बहुतेक तारे मावळले आहेत आणि धूळ स्वतः प्रकाशते आहे. जेथे ती सर्वांत दाट तेथे चित्र सर्वांत काळवंडलेले. हे चित्र लोकप्रिय होणार नाही. त्यात डोंगर नाही, सोने नाही. मला मात्र तिन्हींत हेच अधिक खोल वाटते, कारण येथे धूळ कशाची पार्श्वभूमी नाही, तीच नायिका आहे. अद्भुताकडून शांताकडे जाणारी वाट ह्या चित्रात दिसते.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'ज्योतिर्विलास' लिहिले, तेव्हा त्याला 'रात्रीची दोन घटका मौज' असे जोडनाव दिले होते. ही मौज रंगीत चित्रांवाचून होती. चित्रे आली म्हणून ती बुडावी काय? टीका वाचून मूळ ग्रंथ मिटून ठेवणारा वाचक जसा करंटा, तसाच चित्र पाहून आकाश मिटणारा. टीकेची अखेरची कसोटी एकच : ती वाचकाला मुळाकडे परत धाडते की नाही.

त्या रात्री मी भाचीला घरात आणून चित्र पुढे ठेवले, आणि कोणता रंग कशाचा हे जमेल तसे सांगितले. हा राखेचा पुंजका म्हणजे तापलेला हायड्रोजन आणि बोवेनचा ऑक्सिजन, हेही सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "चल, परत वर जाऊ." दुर्बिणीत मेघ होता तसाच करडा होता. ह्या वेळी तिने 'एवढंच' म्हटले नाही. बराच वेळ डोळा काढला नाही, एवढे मात्र खरे.