‘महल’मधील सावल्या

भयपट म्हटला की किंकाळ्या, विद्रूप मुखवटे आणि कर्कश वाद्यवृंद आपण गृहीत धरतो. कमाल अमरोही यांच्या ‘महल’ (१९४९) या कृष्णधवल चित्रपटाला त्यांची फारशी गरज भासत नाही. त्यातील भय प्रकाशयोजनेतून येते, आणि त्याचे श्रेय छायालेखक जोसेफ विर्शिंग यांचे आहे.

म्यूनिकचे विर्शिंग ‘प्रेम संन्यास’ (१९२५) या मूकपटाच्या निमित्ताने भारतात आले व पुढे मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये स्थिरावले. महायुद्धात, केवळ जर्मन म्हणून, ब्रिटिशांनी त्यांना नजरकैदेत ठेवले होते. ‘कॅलिगरी’ (१९२०) या गाजलेल्या जर्मन चित्रपटात सावल्या नेपथ्यावर चक्क रंगविल्या होत्या; विर्शिंग त्या दिव्यांनी घडवितात.

वादळी रात्री हरिशंकर (अशोककुमार) ओसाड हवेलीत येतो. तेथील तसबिरीत त्याला स्वतःसारखाच चेहरा दिसतो. टेंभी नाक्यावरील जुन्या घरांत, वीज गेलेली असताना, कंदील घेऊन जिना चढलेल्या वाचकांना या दृश्यांतील अस्वस्थता चटकन उमगेल. उजेड खालून आला की ओळखीचा माणूसही परका दिसतो आणि त्याची सावली त्याच्याहून मोठी होते.

‘आयेगा आनेवाला’ हे गीत तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावे. लता मंगेशकर यांचा स्वर दुरून जवळ येतो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्या ध्वनिक्षेपकाकडे चालत आल्या, असे सांगतात. झोपाळ्यावरील मधुबालाही तशीच हाती येता येता निसटते. अवघ्या सोळा वर्षांच्या त्या चेहऱ्यावर उजेड असा सांडतो की भोवतालचे सारे विरून जावे. ही कामिनी वस्तुतः माळ्याची मुलगी आशा आहे, हे पुढे कळूनही ते चित्र पुसले जात नाही.

माझा आक्षेप येथेच आहे. हरिशंकरची पत्नी रंजना हाडामांसाची स्त्री, पण नवऱ्याच्या लेखी नसल्यासारखीच. तो तिला दूर रानात नेतो. तेथील वटवाघळे मला भडक वाटतात. हवेलीतील संयम तिथे सुटतो. शिवाय छायेला लाभलेला तो मृदू उजेड रंजनाच्या वाट्याला क्वचितच येतो. परिणामी आपणही, नकळत, हरिशंकरच्याच डोळ्यांनी पाहू लागतो आणि तिला विसरतो. ती विष घेते, मरताना नवऱ्यावर आळ घेते. तेव्हा कुठे तिच्याकडे आपले लक्ष जाते.

पुन्हा पाहाल तेव्हा रंजनाच्या दृश्यांत दिवा कोठे ठेवला आहे, तेवढे जरूर पाहावे.