नांवापुढचीं अक्षरें

ग्रंथाच्या मुखपृष्ठावर कर्त्याच्या नांवापुढें ‘बी. ए., एल्‌एल्. बी.’ छापण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. टीकाकार तिची थट्टा करितात. आम्हींही केली आहे. कविता बेताची असली कीं तीं अक्षरें फारच ठसठशीत दिसतात! परंतु सर्व अक्षरें एकाच मापानें मोजणें अन्यायाचें होय. पूर्वीं सरकारच्या मर्जीनें मिळे ती ‘सी. आय. ई.’ निराळी, अभ्यासानें मिळविलेली पदवी निराळी. राज्यघटनेचें १८ वें कलमही हाच भेद करितें : लष्करी व विद्याविषयक सन्मान वगळतां राज्यानें कोणासही किताब द्यावयाचा नाहीं. १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पद्म-पुरस्कारही नांवास जोडूं नयेत असें सांगितलें. सत्काराच्या फलकांवर ते जोडलेले दिसतातच.

घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर १९५४ मध्यें भंडारा येथील लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले आणि पडले. त्यांच्या नांवापुढें तेव्हां एम्. ए., पीएच्. डी., डी. एस्सी., एल्‌एल्. डी., डी. लिट्. हीं सारीं अक्षरें होतीं. पदव्या मोजून मत देण्याचें बंधन मतदारावर नाहीं, हें खरें. पण ज्या समाजाला विद्येचीं दारें बंद होतीं, त्यांतील माणसाच्या नांवापुढचें अक्षर हें मिरवणें नव्हे, पुरावा होय. शेवटच्या दोन पदव्या मानद. आधींच्या तिन्ही मात्र प्रबंध लिहून मिळविलेल्या. डी. एस्सी.चा रुपयाविषयींचा प्रबंध १९२३ सालीं ग्रंथरूपानें निघाला. ‘डी. एस्सी.’ हीं अक्षरें आदरानें उच्चारणारे पुष्कळ भेटतात; तो ग्रंथ वाचलेले आमच्या पाहण्यांत थोडेच आहेत.