द्राक्षाचा मुलूख, मोहाचा मुलूख

मराठीत वाइनविषयी जे लिहिले जाते त्याची एक ठरलेली चाल आहे. आधी बोर्दो आणि बर्गंडी, मग 'तेर्वार', म्हणजे माती, उतार, हवा आणि माणसाची रीत यांतून पेयात उतरणारा प्रदेशाचा गुण. शेवटी नाशिक हे 'भारताचे नापा' असल्याचा निर्वाळा. माझा आक्षेप या शेवटच्या उपमेला आहे. तिने नाशिक कळत नाही, आणि आमच्या मोहर्लीच्या रानातल्या पेयाला तर त्या भाषेत जागाच उरत नाही.

आधी नाशिक. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल पाने गाळून निजते आणि द्राक्षे साधारण सप्टेंबरात उतरतात. नाशिकला वेल पुरती निजतच नाही. म्हणून शेतकरी दोन छाटण्या घेतो: उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. तोडणी जानेवारी ते मार्च. फळ पिकते तेव्हा ऊन चढत असते. साखर लवकर भरते, आंबटपणा उतरतो. लुआर खोऱ्यातली शेनिन ब्लांक धारदार आंबट, तर नाशिकची बहुधा मवाळ, कधी किंचित गोडसर. ही फ्रान्सची नक्कल नव्हे, इथल्या ऋतूची चव आहे.

पण मुलूख नुसत्या मातीने घडत नाही. नारायणगावला शॅतो इंडाजने १९८०च्या दशकात वाट पाडली. या धंद्याचा जम मात्र राज्याच्या २००१च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर बसला. उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, विंचूरला वाइन पार्क झाले, पुढे 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. चवीला पत्ता मिळतो तो असा, सरकारी कागदावर.

आता मोह. मोहाची ही वाइन नव्हे. फुले आंबवून भट्टीवर गाळलेली दारू. तरी तेर्वारची प्रत्येक कसोटी तिला लागू पडते. मार्च-एप्रिलात रात्रीतून फुले गळतात, पहाटे वेचावी लागतात. ती किती वाळली, किती दिवस आंबली, धार पहिली की शेवटची, यावर वास आणि चव ठरते. वेचणारी माणसे वाघाच्या हद्दीत वाकून काम करतात, आणि त्यात जीवही गेले आहेत. गाळलेली म्हणून मोह बाद म्हणावा, तर गोव्याची काजू फेणीही गाळलेलीच. तिला २००९ मध्ये मानांकन मिळाले, २०१६ मध्ये तिथल्या सरकारने तिला वारशाचा दर्जा दिला. आमच्याकडे तेच काम 'हातभट्टी' ठरते आणि पोलिसांच्या पंचनाम्यात जाते.

एवढ्यावर थांबलो तर मीही मोहाचे गोडवे गाणाऱ्यांच्या पंक्तीला बसेन. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तिच्यामागे लोकांची चळवळ होती. २०१० साली बंदीसाठी चिमूरहून नागपूरला बायका पायी गेल्या. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली. ज्या घरात दारूपायी मजुरी बुडाली, मार बसला, तिथे सुगंधाच्या छटा सांगणे हा उद्धटपणा आहे. शिवाय फुले वेचणारी आणि दारूविरुद्ध चालणारी बाई बहुधा एकाच गावातली असते.

म्हणून माझे म्हणणे असे, की मानांकन मागायचेच तर आधी फुलाचे मागावे. मोहफूल हे अन्न आहे. वाळवून साठवतात, शिजवून खातात. फुलाला प्रदेशाचे नाव मिळाले तर भाव वेचणारीच्या हाती पडण्याची शक्यता तरी निर्माण होते, आणि दारूचा निर्णय गावाकडे राहतो. चवीच्या समीक्षकाने पेल्यातला रंग जरूर पाहावा. पण नाशिकच्या बाटलीबद्दलही त्याने विचारावे, की लेबलावर खोऱ्याचे नाव आले, त्यातून पहाटे बागेत तोडणी करणाऱ्या मजुराला काय मिळाले? हा प्रश्न वगळून लिहिलेले प्रदेशाचे वर्णन मला अपुरे वाटते.