सोंग आणि सांगणे

देवगिरीचे, म्हणजेच आजच्या दौलताबादचे, लोकसंगीताशी असलेले नाते किल्ला पाहायला येणाऱ्यांना सहसा सांगितले जात नाही. तेराव्या शतकात यादवांच्या या राजधानीत शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला आणि त्यात नियमबद्ध ‘मार्गी’ संगीताबरोबरच प्रदेशोप्रदेशीच्या लोकांचे मन रिझविणाऱ्या ‘देशी’ संगीताचीही दखल घेतली. पुढे सोळाव्या शतकात याच गडावर जनार्दनस्वामींच्या चरणाशी एकनाथ घडले. नाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी अशी गावोगावची सोंगे उचलली आणि त्यांच्या तोंडी भारुडे घातली. भारुडात सोंग असते ते काही सांगण्यासाठी. हीच कसोटी हाती घेऊन, उभे आयुष्य लोकांपुढे गाण्यात घालविलेल्या दोन शाहिरांच्या कामगिरीकडे पाहावे, असा आमचा मानस आहे.

वाई तालुक्यातील पसरणी गावी १९२३ साली जन्मलेले शाहीर कृष्णराव साबळे २०१५ साली निवर्तले. साने गुरुजींचा सहवास, स्वातंत्र्याच्या व संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींतील पोवाडे, ‘यमराज्यात एक रात्र’ व ‘आंधळं दळतंय’ यांसारखी मुक्तनाट्ये आणि अखेरीस ‘महाराष्ट्राची लोकधारा’ असा त्यांचा प्रवास झाला. त्यांच्या कंठातून घरोघर पोहोचलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ पासून राज्यगीत झाले आहे. ‘लोकधारे’ने वासुदेव, कोळी, गोंधळी यांना एका रंगमंचावर आणून शहरी प्रेक्षकाला त्याच्याच विसरलेल्या आजोळाची ओळख करून दिली. हे ऋण थोर आहे. परंतु रात्रभर चालणारा विधी काही मिनिटांचा झाला, की रंग उरतो आणि त्यामागचे व्रत गळते, हेही नाकारता येत नाही. साबळ्यांनी गायिलेले नाथांचे विंचवाचे भारूडच घ्या. दंश झालेल्याचे विव्हळणे त्यांनी असे रंगविले, की आजही पोरेसोरे त्याची नक्कल करतात. तो विंचू कामक्रोधाचा आहे आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा आहे, हे मात्र किती जणांच्या ध्यानी राहिले? दोष केवळ गायकाचा नव्हे. ऐकणाऱ्याला वेदनेची गंमत वाटते, औषधाची वाटत नाही.

दुसरे शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०). आंबेडकरी जलशाची गाणी, कव्वाली, कोळीगीत, भारूड, गोंधळ आणि उतारवयात ‘टिंग्या’सारखा चित्रपट, इतका विविध पसारा त्यांनी मांडला. वरवर पाहता ही फिरस्ती वाटेल. आमच्या मते तसे नाही. प्रत्येक प्रकाराला त्यांनी त्याचा स्वतःचा आवाज दिला. त्यांची कव्वाली भारुडासारखी वाजत नाही, आणि कोळीगीत गोंधळासारखे. याचा कळस म्हणजे ‘जांभूळ आख्यान’. कर्णाविषयी द्रौपदीच्या मनात दडलेली ओढ एका जांभळाच्या निमित्ताने उघड होते, ही लोकपरंपरेतील कथा. वयस्क पुरुषाच्या कंठातून स्त्रीमनाची ती कबुली येते, तेव्हा प्रेक्षक हसू शकला असता. पण तो निमूट होतो. सोंग येथे सांगण्याच्या सेवेत आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवर, व्यासपीठावरच त्यांना मृत्यू आला.

म्हणून आमचा अभिप्राय असा, की साबळ्यांनी लोककलेला प्रेक्षक मिळवून दिला आणि उमपांनी तिचे सांगणे जपले. पहिल्या कामाशिवाय दुसऱ्याला श्रोता लाभत नाही. दुसऱ्याशिवाय पहिले नुसती मिरवणूक ठरते. तरी दोहोंत एकाची निवड करणे भाग पडले, तर आम्ही ‘जांभूळ आख्याना’च्या बाजूने उभे राहू.

हा वाद केवळ दिवंगतांपुरता नाही. आमच्याच जिल्ह्यातील सिल्लोड तालुक्याच्या रहिमाबादचे निरंजन भाकरे नाथांचा ‘बुरगुंडा’ घेऊन गावोगाव फिरले आणि त्यातून व्यसनमुक्ती सांगत राहिले. २०२१ साली तेही गेले. असे कलावंत हयात असताना आपण त्यांना काय देतो? हारतुरे, शाल, श्रीफळ आणि पाहुण्यांची भाषणे आटोपल्यावर उरलेली दहा मिनिटे. दहा मिनिटांत सोंग दाखविता येते. सांगता काहीच येत नाही.

ख्रिस्ती वाचकांना ही गोष्ट परकी वाटू नये. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, ते ओवीत. ओवी त्यांनी सजावट म्हणून घेतली नाही. या मातीतील माणसाच्या कानाशी पोहोचण्याची वाट म्हणून घेतली, आणि हजारो ओव्या रचून त्या वाटेने ते शेवटपर्यंत चालले. आपल्या धर्मग्रामाच्या सणाला एखादा वृद्ध भारूडकार बोलवाल, तेव्हा त्याला पूर्ण रात्र देणे जमणार नाही हे आम्ही जाणतो. निदान एक अखंड तास द्या, आणि विंचू उतरेपर्यंत जागेवरून उठू नका.