गोपनीय अहवालातील माणूस

सनदी अधिकाऱ्यांची आत्मचरित्रे मराठीत कमी नाहीत. त्यांत दौरे असतात, दुष्काळ असतो, मंत्र्यांशी उडालेले खटके असतात आणि बदलीचा हुकूम हातात पडल्यावर दाखवलेला बाणेदारपणाही असतो. नसतो तो एकच कागद : वर्षअखेरीस वरिष्ठाने त्या अधिकाऱ्याविषयी लिहिलेला गोपनीय अहवाल. पी. एस. कृष्णन यांच्या जीवनाची चिकित्सा मी या कागदापासूनच सुरू करतो. व्ही. वसंती देवी यांनी त्यांच्याशी केलेल्या प्रदीर्घ संवादांचे इंग्रजी पुस्तक आहे. पण त्याआधीपासूनच आपल्यावरील प्रतिकूल शेरे कृष्णन उघडपणे सांगत आले होते. लपवण्याचा कागद त्यांनी प्रमाणपत्रासारखा मिरवला.

कृष्णन 1956 च्या तुकडीचे, आंध्र प्रदेशातले. जन्माने दलित नव्हेत. कोवळ्या वयात उपविभागाचा कारभार हाती आल्यावर त्यांनी आपल्या कचेरीचा मुक्काम दलित आणि आदिवासी वस्त्यांत टाकायला सुरुवात केली आणि जमिनीचे पट्टे तिथेच वाटले. त्यावर वरिष्ठांनी नोंदवलेले दोष असे होते : हा दलितांविषयी अतिरेकी पक्षपाती आहे, आंतरजातीय विवाहांचा पुरस्कार करतो, संस्कृतचे ज्ञान धर्माची चिकित्सा करण्यासाठी वापरतो, आणि गावकामगारांपेक्षा गावकऱ्यांच्या शब्दावर अधिक विश्वास ठेवतो.

हा मजकूर वाङ्मयासारखा वाचावा इतका बोलका आहे. राज्यघटना लागू होऊन फार तर दहा वर्षे झाली होती. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली होती, आणि त्या कलमाची अंमलबजावणी करणारा नोकर हा दोषी ठरत होता. गावातल्या जमीनदाराच्या ओसरीवर उतरणारा साहेब तटस्थ आणि वस्तीत उतरणारा पक्षपाती, असा हा न्याय आहे. शेवटचा दोष तर नीट पारखून घेण्यासारखा आहे. आंध्रातील गावकामगारी तेव्हा वंशपरंपरागत होती; ती पदे 1984 साली एन. टी. रामाराव यांच्या सरकारने रद्द केली. म्हणजे ‘गावकामगारांवर विश्वास ठेवत नाही’ याचा अर्थ, जमीन ज्यांच्या हातात आणि तिची नोंदवहीही ज्यांच्या हातात, त्यांच्या कागदावर हा माणूस डोळे झाकून सही करत नाही, एवढाच. वतनी कुळकर्ण्याचे दप्तर आपल्या बापजाद्यांनी पाहिले आहे. त्यात आपली नोंद कशी व्हायची हे वेगळे सांगायला नको.

तरीही कृष्णन टिकले आणि भारत सरकारच्या सचिवपदापर्यंत पोचले. इथे मला एक अप्रिय प्रश्न विचारावासा वाटतो. हेच शेरे दलित अधिकाऱ्यावर आले असते तर? कृष्णन यांचे दलितप्रेम त्यांच्या वरिष्ठांना विक्षिप्तपणा वाटला असेल. दलित अधिकाऱ्याचे तेच वर्तन ‘जातीयवाद’ ठरते. मी आस्थापना शाखेत कारकुनी केली आहे. मार्च उलटला की लाखोटे यायचे. आमच्यातल्या एका अभियंत्याविषयी लागोपाठ तीन वर्षे एकच वाक्य आले : सहकाऱ्यांशी मिळून मिसळून वागत नाही. त्याच्या डब्याला कोण हात लावत होते, हे त्या नमुन्यात लिहायला रकाना नव्हता. वाक्य नियमाने ‘प्रतिकूल’ गणले गेले नाही, म्हणून त्याला कळवलेही गेले नाही. बढतीच्या वेळी मात्र मोजले गेले. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हणायला 2008 साल उजाडावे लागले.

शिकलेल्यांनी आपल्याला दगा दिला, हे बाबासाहेबांचे 1956 च्या आग्र्याच्या सभेतील दुःख आपण उठल्यासुटल्या दलित अधिकाऱ्याच्या अंगावर फेकतो. ते दुःख खरेच होते, आणि बंगल्याच्या फाटकावरची नावाची पाटी बदलून घेणारे पांढरपेशेही खरे आहेत. त्यांची वकिली मला करायची नाही. पण ज्याच्या मानेवर दरवर्षी हा लाखोटा टांगलेला असतो, त्याच्या गप्प बसण्याची चिकित्सा आपल्या साहित्याने केली काय? अर्जुन डांगळे यांच्या ‘प्रमोशन’ या कथेत राखीव जागेवर बढती मिळालेल्या माणसाच्या मुलापर्यंत जात पाण्याच्या रूपाने येऊन पोचते. ती कथा आपल्याला घरापर्यंत नेते. फाइलीच्या आत मात्र आपला लेखक अजून शिरलेला नाही. मंत्री येतात, मोर्चे येतात, गोळीबार येतो. टिपणी येत नाही.

आणि टिपणीने काय घडते, हे कृष्णन यांच्याकडे पाहून कळते. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात विकासाचा पैसा बाजूला काढण्याची विशेष घटक योजना सत्तरीच्या अखेरीस त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या घडणीत त्यांचा वाटा मोठा आहे. 1990 मध्ये ते कल्याण मंत्रालयाचे सचिव असताना मंडल अहवालाची अंमलबजावणी जाहीर झाली. आणि त्याच वर्षी अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. धर्मांतरानंतर चौतीस वर्षे महाराष्ट्रातला बौद्ध केंद्राच्या दारात सवलतींना मुकला होता. श्रेय विश्वनाथ प्रताप सिंह आणि रामविलास पासवान यांना दिले जाते, त्यात गैर काही नाही. मागणी रेटली ती आपल्या चळवळीने. पण प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे ठेवण्याजोगा करून देणारा हात कोणाचा होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

म्हणून त्यांची तसबीर लावावी, असे मी म्हणत नाही. कृष्णन यांचा मार्ग कागदाचा होता आणि कागदाच्या मर्यादा त्यालाही होत्या. विशेष घटक योजनेला कायद्याचे पाठबळ नव्हते, म्हणून दिल्लीत 2010 च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी दलितांच्या वाट्याचे सहाशे कोटींहून अधिक रुपये वळवले गेले. आंध्राने 2013 मध्ये तसा कायदा केला, तोही रस्त्यावरच्या संघर्षानंतर. चांगल्या अधिकाऱ्याने लिहिलेली योजना वाईट अधिकाऱ्याच्या एका फिरवलेल्या रकमेने निकालात निघते. सचिवाचे कर्तृत्व मोजताना हे विसरून चालणार नाही.

या साऱ्याचा धागा शेवटी कराडला येऊन मिळतो. तेथील एका शासकीय महाविद्यालयातील दलित कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात सवर्ण वरिष्ठांनी सचोटी आणि चारित्र्याविषयी प्रतिकूल शेरे लिहिले. त्याने 1989 च्या कायद्याखाली फिर्याद दिली. खटला भरण्याची परवानगी एका उच्चपदस्थाने नाकारली. पुढे त्याच्यावरही फिर्याद झाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 20 मार्च 2018 रोजी निकाल आला : या कायद्याखाली सरकारी नोकराला अटक करायची तर त्याच्या नियुक्ती प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. म्हणजे अहवाल लिहिणाऱ्याच्या संरक्षणासाठी पुन्हा त्याच्याच वरचा साहेब! 2 एप्रिलला देश बंद झाला, माणसे मेली. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि 1 ऑक्टोबर 2019 ला न्यायालयाने आपले निर्देश मागे घेतले.

त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, 10 नोव्हेंबर 2019 रोजी कृष्णन वारले. दीड वर्ष देशभर वाद चालला तो कायद्याच्या गैरवापराचा. अहवालाच्या गैरवापराविषयी कोणी फारसे बोलले नाही.