‘तिथलं तुझं तू धू’

आमचा मुलगा दोन महिन्यांचा असताना त्याला ठरलेल्या तपासणीला घेऊन गेलो होतो. अमेरिकेतलं एक साधं बालरोग क्लिनिक. वजन झालं, डोक्याचा घेर मोजून झाला, आणि मग नर्सने डायपर सोडून अंगठ्याने त्याची पुढची कातडी मागे सारायला सुरुवात केली. ‘रोज आंघोळीत एवढं करत जा, म्हणजे स्वच्छ राहील,’ असं ती अगदी प्रेमाने सांगत होती. मी मध्ये हात घातला आणि तिला थांबवलं. घरी येऊन आईला सांगितलं. आई बाळंतपणासाठी सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. ती म्हणाली, ‘बरोबरच सांगितलं की तिने. तुझ्या वेळी न्हाऊ घालायला यायच्या त्या बाई तेलाचा थेंब टाकून रोज तेच करायच्या.’

एरवी या दोघींचं कशावरही पटलं नसतं. बाळाला पालथं झोपवायचं की नाही, टाळू भरायची की नाही, काजळ घालायचं की नाही, सगळ्यावर वाद. पण या एका चुकीवर मात्र दोन खंडांचं एकमत! आणि मी मध्ये उभा. जीवशास्त्रातली पीएचडी, चौतीस वर्षांचं वय, आणि तरी प्रामाणिकपणे सांगायचं तर मलाही यातलं बरंचसं उशिरा आणि अपघाताने कळलेलं.

म्हणून गेल्या काही महिन्यांत या विषयावर जे जे लिहिलेलं हाती लागलं ते वाचत गेलो. माहिती मिळवायला वाचलं, पण वाचताना समीक्षकाची सवय सुटली नाही. हा मजकूर कुणाशी बोलतोय? कोणते शब्द वापरतोय? कुठे येऊन गप्प बसतोय? त्याबद्दलच हा लेख. सगळ्या मराठी घरांत हा प्रश्न सारखा नाही, हे आधीच सांगतो. बेने इस्रायली आणि मुसलमान मराठी कुटुंबांत सुंता होते. ज्यांच्याकडे होत नाही, त्यांच्याविषयी बोलतोय.

दवाखान्याचं पत्रक

प्रसूतीनंतर घरी जाताना इथे हातात एक जाडजूड फाइल देतात. आमच्या फाइलमध्ये सुंता झालेल्या बाळाची काळजी कशी घ्यायची यावर अख्खं पान होतं. पेट्रोलियम जेली किती लावायची, पट्टी कधी बदलायची, रक्त दिसलं तर काय करायचं. सुंता न झालेल्या बाळासाठी दोन ओळी: बाहेरून धुवा, कातडी जबरदस्तीने मागे ओढू नका.

या असमतोलामागे कारण आहे. अमेरिकेत रुग्णालयात जन्मलेल्या मुलांपैकी, सरकारी आकडेवारीनुसार, १९७९ साली सुमारे ६४ टक्क्यांची तिथेच सुंता होत होती आणि २०१० सालीही हे प्रमाण सुमारे ५८ टक्के होतं. म्हणजे इथल्या कित्येक नर्स, डॉक्टर आणि बापांसाठी न कापलेली कातडी हीच अपवादाची गोष्ट. पत्रकात ती अपवादासारखीच येते.

पण त्या दोन ओळी बरोबर आहेत, आणि त्यांच्यामागे चांगलं काम आहे. डग्लस गेर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९४९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवलं की जन्मतः ही कातडी आतल्या बोंडाला चिकटलेलीच असते. पूर्ण मागे जाते अशी नवजात मुलं त्याला जेमतेम चार टक्के सापडली. पुढे १९६८ साली याकोब ओस्टर या डॅनिश डॉक्टरने शाळकरी मुलांची वर्षानुवर्षं केलेली तपासणी प्रसिद्ध केली. सहा-सात वर्षांच्या मुलांमध्ये ६३ टक्क्यांची कातडी थोडीफार चिकटलेली होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांवर आलं होतं. मधल्या काळात ती आपोआप सुटते. ओढून सोडवली तर चिरते, रक्त येतं, आणि ती जखम भरताना व्रण राहिला तर नसलेला आजार खरोखरच तयार होऊ शकतो. नर्सचा प्रेमळ अंगठा आणि न्हाऊ घालणाऱ्या बाईंचा तेलाचा थेंब, दोन्हींत धोका तो हाच.

माझी तक्रार त्यानंतरच्या वाक्याबद्दल आहे. ‘कातडी सुटली की मुलाला ती धुवायला शिकवा,’ असं सांगून अशी पत्रकं संपतात. शिकवा? कुणी? कोणत्या वयात? कोणत्या शब्दांत? बाळाच्या आईबापांशी इतका वेळ आपुलकीने बोलणारा मजकूर मुलगा मोठा होऊ लागताच विषय बंद करतो. आपल्या घरांतही हुबेहूब असंच होतं. आठवून बघा. आईने तुमचे कान पुसले, बेंबी साफ केली, टाचा वज्रीने घासल्या, दिवाळीला उटणं लावून कातडी लाल होईपर्यंत रगडलं. आणि मग चार-पाच वर्षांचे झालात तेव्हा एके दिवशी तांब्या तुमच्या हातात देऊन म्हणाली, ‘तिथलं तुझं तू धू.’ कसं, ते तिने सांगितलं नाही. बाबांनी तर नाहीच नाही.

बाटलीवरचा मजकूर

मधल्या रिकाम्या वर्षांत जो पहिल्यांदा बोलायला येतो तो जाहिरातदार. औषधांच्या दुकानात आता पुरुषांसाठी वेगळे ‘इंटिमेट वॉश’ मिळतात. काळी बाटली, चंदेरी अक्षरं. त्यांच्यावरचे शब्द नीट वाचा: ताजेपणा, संरक्षण, आत्मविश्वास, दिवसभर दुर्गंधीपासून मुक्ती. या चार शब्दांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: तुम्ही मुळात अस्वच्छ आहात आणि तुम्हाला ते ठाऊक नाही. ही भाषा बायकांवर कित्येक दशकं वापरून झाली. आता आपली पाळी.

मी त्या भाषेला बळी पडलेला माणूस आहे, म्हणून थोडं आतून सांगतो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला तिथे लाली आणि खाज सुरू झाली. नवा देश, कोरडी हवा, आणि लाज एवढी की खोलीतल्या मित्रालाही विचारलं नाही. माझा निष्कर्ष साधा होता: मी पुरेसा स्वच्छ नाही. जंतुनाशक साबण आणला. आधी दिवसातून दोनदा, मग तीनदा. खाज वाढली. महिनाभराने विद्यापीठाच्या दवाखान्यात गेलो, तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘साबण कोणता वापरता?’ दोन आठवडे नुसतं कोमट पाणी वापरायला सांगितलं. तेवढ्यानेच गेलं.

हा माझ्या एकट्याचा वेडेपणा नव्हता, हे पुढे कळलं. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, तिथल्या त्वचेचा दाह वारंवार होणारे ४३ पुरुष तपासले होते. त्यांपैकी ३१ जणांच्या त्रासाचं मूळ जंतुसंसर्गात नव्हतं, त्वचा चिडण्यात होतं. अशांमध्ये साबणाने वरचेवर धुण्याची सवय जास्त दिसली. म्हणजे अतिस्वच्छतेनेच आजार. बाटलीवर हे कुणी कशाला लिहील?

आणि आपली भाषा

आता मराठीकडे येऊ. पहिली अडचण नावाची. लहानपणी ‘नुन्नी’ किंवा ‘शूची जागा’. मोठेपणी एकीकडे शिव्या आणि दुसरीकडे ‘शिश्न’, ‘शिश्नमुंड’, ‘अग्रत्वचा’. मधलं काहीच नाही. गंमत बघा, कापण्याच्या क्रियेला ‘सुंता’ हा रोजच्या वापरातला शब्द आहे, पण जे कापलं जातं त्याला नाही. मी या लेखात ‘पुढची कातडी’ म्हणतोय कारण ते समजतं, एवढंच.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. कातडीखाली साठणाऱ्या पांढरट थराला मराठी मजकूर सर्रास ‘मळ’ म्हणतात. मळ म्हटलं की आपले हात आपोआप घासायला लागतात. वास्तविक तो थर म्हणजे झडलेल्या पेशी आणि त्वचेचा स्वतःचा स्निग्ध स्राव. साठून राहिला तर वास येतो, दाह होऊ शकतो, म्हणून तो धुवायचा. पण तो बाहेरून लागलेला चिखल नाही. एका शब्दाने धुण्याचं खरवडणं होतं. ‘साका’ म्हटलं असतं तर कदाचित हात हलका पडला असता.

मराठीत यावर कुणी नीट बोललंच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होते आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले. २००७ साली याच महाराष्ट्राने शाळांतल्या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमाला बंदी घातली. तुमच्यापैकी काही जण तेव्हा तिथल्या शाळेत असतील. त्या वर्गात कोण काय शिकवणार होतं?

मग काय लिहायला हवं होतं

टीका केली की पर्याय द्यावा लागतो. चौदा वर्षांच्या मुलासाठी मी एवढंच लिहीन:

‘आंघोळ करताना कातडी जेवढी सहज मागे जाते तेवढीच घे. दुखलं की थांब. कोमट पाण्याने बोटांनी हळूच धू. साबण हवाच असेल तर बिनवासाचा, सौम्य, आणि नंतर पूर्ण निघून जाईल असा धू. टॅल्कम पावडर लावू नकोस. हलकेच कोरडं कर आणि कातडी न विसरता पुन्हा पुढे आण. दिवसातून एकदा पुरे.’

झालं. दात घासायला शिकवायला याहून जास्त शब्द लागतात.

मोठ्यांसाठी चार गोष्टी वेगळ्या. कातडी मागे जाऊन अडकली, सूज आली आणि पुढे येत नसेल तर वाट बघू नका, लगेच इमर्जन्सीत जा. तिथला रक्तपुरवठा त्यामुळे अडू शकतो. कातडी घट्ट आहे, संबंधाच्या वेळी चिरते किंवा पांढरे चट्टे दिसतात, तर डॉक्टरला दाखवा. घट्टपणावर पुष्कळदा स्टेरॉइडच्या मलमाने काम होतं, लगेच शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. खाज आणि लाली पुन्हा पुन्हा येत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. लघवीतून साखर जाऊ लागली की तिथे बुरशी वाढते, आणि कधीकधी मधुमेहाची पहिली खूण हीच असते. आपल्या घरांत मधुमेह किती आहे, हे मी सांगायला नको. आणि न भरणारी जखम किंवा गाठ असेल तर लाज बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दाखवा.

यातलं काहीही गुपित नाही. ते तुमच्यापर्यंत आलं नाही याचं कारण ज्ञान कमी होतं हे नाही. बाळाच्या आईशी बोलणारे आहेत, तिशीतल्या रुग्णाशी बोलणारे आहेत. मधल्या मुलाशी बोलणारं कुणी नाही. त्याला ‘तू’ म्हणून कुणी दोन वाक्यं बोललंच नाही. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांचं तर आणखी अवघड. शाळेतल्या कपडे बदलायच्या खोलीत तो बघतो की बऱ्याच जणांचं आपल्यासारखं नाही, आणि विचारायचं कुणाला, तर घरी त्याला शब्दच नाही.

त्या दिवशी मी आईला गेर्डनरचा आणि ओस्टरचा सारांश मराठीत वाचून दाखवला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘आम्हाला कोण सांगणार होतं? बाई करायच्या, आम्ही बघायचो.’ दुसऱ्या दिवशी बाळाच्या आंघोळीला ती नेहमीसारखी बसली, पण तेवढी जागा आली की पाणी नुसतं वरून सोडलं आणि पुढे गेली.

तुम्हाला अजून मूल नसेल. पण तेरा-चौदा वर्षांचा भाऊ, भाचा, चुलतभाऊ असेल. वरचं ते छोटं परिच्छेद त्याला पाठवा, किंवा पुढच्या फोनवर सांगून टाका. तो ‘शी! काय दादा!’ म्हणेल. म्हणू द्या. ऐकलेलं असेल त्याने.