‘प्रूव्ह’ लिहिण्याआधी थोडं थांबा

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा मसुदा मॅडमकडून परत आला, तेव्हा एकाच शब्दाभोवती पेन्सिलीने अकरा वेळा गोल केलेले होते. शब्द होता ‘प्रूव्ह’. समासात प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न : “कशावरून?”

मला आधी वाटलं, व्याकरण चुकलंय. तसं नव्हतं. इंग्रजी बरोबर होतं, चुकलं होतं ते विज्ञान. त्यानंतर मी आपल्याकडचे बरेच प्रबंध आणि एमएस्सीचे प्रोजेक्ट रिपोर्ट या एका शब्दासाठी चाळले. हा आजार माझ्या एकट्याचा नाही. संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने या क्रियापदाशी एकदा नीट ओळख करून घ्यायला हवी, म्हणून हे लिहितोय.

शब्द मूळचा लॅटिन. ‘प्रोबारे’ म्हणजे तपासून पाहणे, पारखणे आणि पारखून योग्य ठरवणे. त्यामागे ‘प्रोबुस’, म्हणजे चांगला, खरा. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. त्याची भावंडं आपल्या रोजच्या ओळखीची आहेत : प्रोब, अप्रूव्ह, नोकरीतलं प्रोबेशन, आणि चक्क प्रॉबेबलसुद्धा. ‘सिद्ध झालेलं’ आणि ‘संभाव्य’ हे एकाच घरातले शब्द आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तपासणीचा हा जुना अर्थ काही व्यवसायांत अजून टिकून आहे. छापखान्यात ‘प्रूफ’ म्हणजे चुका शोधण्यासाठी काढलेली प्रत. बेकरीवाला यीस्ट कोमट पाण्यात घालून फेस येतो का बघतो, त्यालाही इंग्रजीत प्रूफ करणं म्हणतात. बर्मिंगहॅमला १८१३ मध्ये संसदेच्या कायद्याने ‘प्रूफ हाऊस’ सुरू झालं. तिथे बंदुकीच्या नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढतात. नळी टिकली तरच तिच्यावर शिक्का. ओडिशात चांदीपूरला डीआरडीओची तोफा आणि दारूगोळा तपासणारी संस्था आहे, तिच्या नावातला ‘प्रूफ’ हा तोच.

इथे एक सावधगिरी. शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ हाच त्याचा ‘खरा’ अर्थ, असं नसतं. आजच्या इंग्रजीत ‘प्रूव्ह’ म्हणजे निर्विवादपणे सिद्ध करणे, आणि वाचणारा तोच अर्थ घेणार. व्युत्पत्तीचा उपयोग एवढाच, की शिक्का मारण्याआधी बार काढावा लागतो याची ती आठवण करून देते.

व्युत्पत्ती ओढूनताणून लावली की काय होतं, त्याचा नमुना म्हणजे ‘एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल’ ही म्हण. आलेखात एखादा बिंदू रेषेपासून लांब पडला की आपण ती हसत हसत फेकतो, जणू अपवादाने नियम आणखी पक्का झाला. कुणी म्हणतं, इथे प्रूव्हचा अर्थ ‘परीक्षा घेणे’ असा आहे. म्हणीचं मूळ मात्र कायद्यातलं आहे. ‘रविवारी इथे गाडी लावता येईल’ अशी पाटी असेल, तर इतर दिवशी मनाई आहे हे त्यातून आपोआप कळतं. सांगून ठेवलेला अपवाद न सांगितलेल्या नियमाचा पुरावा ठरतो, एवढंच. तुमच्या आलेखातला चुकार बिंदू कुणी आधी सांगून ठेवलेला नसतो. तिथे ही म्हण चालत नाही, रीडिंग पुन्हा घ्यावं लागतं.

आजच्या पक्क्या अर्थाने प्रूव्ह हा शब्द शोभतो तो गणितात. आणि तिथे तो किती महाग आहे बघा. १९१९ मध्ये जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने एक अंदाज मांडला. २ पासून पुढे कुठल्याही संख्येपर्यंत मोजत जा. ज्यांच्या मूळ अवयवांची संख्या विषम आहे (१२ = २ × २ × ३, म्हणजे तीन अवयव) अशा संख्या निम्म्यापेक्षा कधीच कमी भरणार नाहीत. तपासाल तितकं ते खरं ठरत जातं. १९५८ मध्ये हेझलग्रोव्हने तो अंदाज खोटा असल्याचं सिद्ध केलं. तो जिथे पहिल्यांदा मोडतो ती संख्या १९८० मध्ये सापडली : ९०,६१,५०,२५७. नव्वद कोटींपर्यंत एकही अपवाद नाही, आणि तरीही विधान खोटं. आपण तीन रीडिंगची सरासरी काढतो आणि ‘प्रूव्ह’ लिहितो!

प्रयोगशाळेत अडचण आणखी वेगळी असते. माझ्या अकरा वाक्यांपैकी पहिलंच घ्या : “एक्सआरडीवरून शुद्ध झिंक ऑक्साइड तयार झाल्याचं प्रूव्ह होतं.” ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांवर शिखरं आली होती, प्रमाणित कार्डाशी जुळत होती. यावरून नमुन्यात स्फटिकरूप झिंक ऑक्साइड आहे एवढं म्हणता येतं. दुसरं काहीच नाही, असं म्हणता येत नाही. अस्फटिक पदार्थाची टोकदार शिखरं येत नाहीत, आणि एखाद-दोन टक्के अशुद्धी पार्श्वभूमीच्या गोंगाटात सहज लपते. पाऊस पडला की अंगण ओलं होतं, पण अंगण ओलं दिसलं म्हणून पाऊसच पडला असं नाही. कुणी सडाही घातला असेल. ‘शुद्ध’ हा शब्द मी अंगण बघून लिहिला होता.

हीच चूक संख्याशास्त्रात उलट बाजूने होते. पी-मूल्य ०.०५ पेक्षा जास्त आलं की ‘दोन गटांत फरक नाही हे प्रूव्ह झालं’ असं लिहितात. झालेलं एवढंच असतं, की आपल्या एवढ्याशा नमुन्यात फरक पकडता आला नाही.

मग लिहायचं कसं? २०११ चं ऑपेरा प्रयोगाचं उदाहरण मला फार आवडतं. सर्नहून सुमारे ७३० किलोमीटरवरच्या ग्रान सासोला जाणारे न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचताना दिसले. वर्तमानपत्रांनी आइन्स्टाइनला खोटं ठरवून टाकलं. त्या गटाने मात्र मोजमाप काय आलं ते सांगितलं, त्याचा अर्थ लावायचं मुद्दाम टाळलं आणि इतरांना तपासायला बोलावलं. २०१२ मध्ये मुख्य दोष सापडला : एक ऑप्टिकल फायबर केबल नीट बसलेली नव्हती. त्यांनी ‘प्रूव्ह’ लिहिलं असतं तर?

रोजच्या वापरासाठी मी एक साधी शिडी ठेवली आहे. आकड्यांत थेट दिसतं ते ‘शो’. आकड्यांवरून एक पायरी पुढे गेलात तर ‘इंडिकेट’. दोन पायऱ्या गेलात, दुसरं स्पष्टीकरणही शक्य असेल, तर ‘सजेस्ट’. आधीच्या सिद्धांताला बळ मिळत असेल तर ‘सपोर्ट’. नुसता विरोध होत नसेल तर ‘कन्सिस्टंट विथ’. पण घाबरून ‘मे पॉसिबली सजेस्ट’ असलं काही लिहू नका. ती नम्रता नव्हे, अंग काढून घेणं आहे. जेवढं मोजलंय तेवढं ठणकावून सांगा.

मराठीत लिहितानाही हा प्रश्न सुटत नाही. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे’ हे वाक्य आपल्या विज्ञानलेखांत जागोजागी भेटतं. ‘सिद्ध’ म्हणजे पूर्ण झालेलं, तयार. काम संपलं, दार बंद. त्यापेक्षा आपल्याकडे ‘कसोटीला उतरणं’ हा किती चांगला प्रयोग आहे. सोनार काळ्या दगडावर सोनं घासून कस बघतो. त्यात तपासणी आहे, आणि उद्या कुणी पुन्हा घासून बघायची मुभाही आहे. प्रयोगातून आलेल्या विधानाला हेच क्रियापद शोभतं.

माझ्या अकरा वाक्यांचं सांगायचं राहिलं. दहा वाक्यं क्रियापद बदलून सुधारली. ‘शुद्ध’वालं वाक्य मात्र काही केल्या सुधारेना. मी झिंक ऑक्साइड वनस्पतीच्या अर्कातून बनवलं होतं, त्यातलं काही मागे राहिलं का, हे मी तपासलंच नव्हतं. शेवटी टीजीएसाठी नंबर लावला, तीन आठवड्यांनी पाळी आली. नमुना तापत गेला तसं पाणी उडून गेल्यावरही त्याचं वजन ठळकपणे घटत राहिलं. सेंद्रिय पदार्थ आत होता. नमुना शुद्ध नव्हताच.

मसुद्यात तुमच्याकडून ‘प्रूव्ह’ लिहिलं जाईल तेव्हा समासात स्वतःच लिहा, “कशावरून?” उत्तर एका ओळीत देता आलं, तर शब्द खुशाल ठेवा.